नकळत टिपलेला चेहरा
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही पडलो सरकारी नोकर, सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारे. मंडळाने छायाचित्रणावर बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही मुद्दाम एक नाजूक प्रसंग निवडला : प्राइड मोर्चा. समलिंगी, तृतीयपंथी मंडळी आणि त्यांचे स्नेही इंद्रधनुष्यी झेंडे घेऊन उजळ माथ्याने रस्त्यावर येतात, तो हा मोर्चा. १९९९ साली कोलकात्यात तो निघाला, तेव्हा जेमतेम पंधरा माणसे होती. आता आपल्या हैदराबादेतही निघतो.

फोटो काढणाऱ्याची तिथे चंगळ असते. रंगवलेले गाल, नाच, मिठ्या! "इकडे बघा" म्हटले की चेहरा आखडतो. नकळत टिपला की खरे हसू उतरते. म्हणून कँडिड फोटोचा मोह पडतो.

पण त्या हसण्याची किंमत कोण मोजतो? दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९७६ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवर समलिंगी पुरुषांचे फोटो काढले. त्यांत चेहरे स्वच्छ दिसतात. दहाएक वर्षांनी त्यांनी दिल्लीत 'एक्झाइल्स' ही मालिका केली. तिच्यात इंडिया गेट ओळखू येते, माणसे मात्र बरीचशी पाठमोरी किंवा चेहरा झाकलेली. छायाचित्रकार तोच, पण इथे ओळख पटणे महागात पडणारे होते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. तरी घरमालक, कचेरीतले साहेब आणि गावाकडचे काका आहेत तिथेच आहेत. आपली घरे इथे पिढ्यान्‌पिढ्यांची. सगळे सगळ्यांना ओळखतात. एक फोटो फॅमिली ग्रुपवर पडायचा अवकाश! आईला सांगायचे शब्द जुळवत असलेल्या मुलाच्या आधी तो फोटोच घरी पोचतो. आणि तो मुलगा आपल्यापैकीच कुणाचा तरी असू शकतो.

मग फोटो काढूच नये का? जरूर काढावा. आम्ही अशी पद्धत ठेवतो : क्षण टिपावा, लगेच पुढे होऊन पडद्यावर दाखवावा. "ठेवू का?" आणि "कुठे लावू का?" हे दोन वेगळे प्रश्न, दोन्ही विचारावेत. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच पुसावा. मुखवटा घातलेल्याच्या मागे लांब लेन्स घेऊन लागू नये. मागच्या गर्दीत कोण आले आहे, तेही पाहावे. विचारता आले नाही, तर झेंडे, मेंदीचे हात, नाचणारे पाय आहेतच.

यात नवे काही नाही. राजा दीनदयाळ आमच्यासारखेच बांधकाम खात्याच्या नोकरीतले, इंदूरचे. पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली याच शहरात जनाना स्टुडिओ काढला आणि तिथला कॅमेरा एका बाईंच्या हाती दिला. अट फोटोतल्या माणसाची होती. तिच्यासाठी मालकाने स्वतः बाहेर राहणे पत्करले.

परवा आपल्या विसर्जन मिरवणुकीत शेकडो मोबाइल उंचावतील. नाचणाऱ्या लेकी-सुनांना फोटो आधी दाखवून मग पुढे पाठवण्याची सवय तिथूनच लावून घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!