जुनं घर, नवी सोय

आम्ही गोरेगावच्या बचत गटातल्या बाया. आज जुन्या घराविषयी बोलू. मुंबईच्या बायांनी गावच्या घराबद्दल काय सांगावं, असं वाटेल. पण मोडलेल्या जुन्या घरांचं पुढे काय होतं, ते आम्हाला इथे दिसतं.

आमच्या शेजारी ओशिवऱ्याला जुन्या लाकडी सामानाचा बाजार आहे. पाडलेल्या घरांचे कोरीव खांब, दारं, चौकटी तिथे विकायला असतात. शहरातली माणसं ते हौसेनं घरी नेतात. आणि गोरेगावातच १९७७ साली सुरू झालेली चित्रनगरी आहे. तिथे मालिकांसाठी प्लायवूडचे वाडे उभे करतात. खोट्या वाड्यावर पैसा लागतो, आणि खरा वाडा गावात लाकडाच्या भावानं जातो!

आता हेही खरं, की जुनं घर बाईच्या कष्टावर उभं असतं. सारवायचं तिनं, चुलीचा धूर खायचा तिनं, रात्री बाहेर जायचं तिनं. म्हणून कुणी स्लॅबचं घर मागितलं तर आम्ही नावं ठेवणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की सोय हवी म्हणून सगळं घर पाडायलाच हवं असं नाही. मात्र दुरुस्तीत आधी ओटा, न्हाणी, संडास आणि उजेड. रंगरंगोटी मागून.

न्हाणी आणि संडास मागच्या अंगाला, मातीच्या भिंतीपासून सुटे बांधा. पाणी भिंतीच्या पायात मुरता कामा नये. दोन खड्ड्यांचा संडास चालतो, पण विहिरीपासून लांब.

मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. अशी भिंत ओल शोषते आणि सोडते. वरून सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आतली माती ढिली होते. तिथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा. पूर्वी चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. आजही जुन्या इमारती दुरुस्त करणारे कारागीर तसं करतात.

सारवणातून सुटका हवी असेल तर शहाबादी फरशी बसवा. गुळगुळीत टाइल्सनी जमीन बंद झाली, की खालची ओल भिंतीत चढते.

विजेसाठी मातीच्या भिंतीत खाचा मारू नका. तारा पट्टीतून किंवा पाइपातून भिंतीवरूनच न्या. अर्थिंग करूनच घ्या. अंधाऱ्या माजघरात चार काचेची कौलं घातली, तर दिवसा दिवा लागत नाही.

खांब सगळा कुजला असं कुणी सांगितलं, तर आधी ठोकून पाहा. पोकळ आवाज बहुतेक बुडाशीच येतो, कारण ओल आणि वाळवी खालून चढते. चांगला सुतार तेवढा भाग कापून नवं सागवान जोडतो. खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, नीट बसला की पुढे वर्षानुवर्षं टिकतो. दाराचा जुना ऑइलपेंट खरवडून नुसतं तेल दिलं, तरी आतली नक्षी पुन्हा दिसते.

हे सगळं एका वर्षात करायचं नाही. यंदा न्हाणी, पुढच्या वर्षी फरशी, असं पैशाप्रमाणे करा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. दार विकायचं की ठेवायचं, हे बहुतेक घरात बाईला विचारतच नाहीत. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला उतारा आणा. कुणाचं नाव आहे ते पाहा, आणि नसेल तर गटानं मिळून अर्ज करा. ज्या घरासाठी आपण राबतो, त्याचा सौदा आपल्याला विचारूनच व्हायला हवा.