कम्प्युटरचं नाव काय ठेवाल?



टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं मुंबईत बांधलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये रीतसर कामाला लागला. त्याचं 'टिफ्रॅक' हे नाव ठेवलं पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी, जानेवारी १९६२ मध्ये, संस्थेच्या कुलाब्यातल्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं हे यंत्र बिननावाचं आकडेमोड करत होतं आणि कुणाचंही काही अडलं नव्हतं. त्याला हाक मारणारं दुसरं यंत्रच नव्हतं.

आता गोष्ट उलटी झाली आहे. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला कम्प्युटर असो की दुकानातून आणलेला लॅपटॉप, नाव नसलेलं यंत्र सापडायचं नाही. तुम्ही ठेवलं नाहीत, तर विंडोज स्वतःच ठेवून मोकळी होते: बहुधा आधी 'डेस्कटॉप', मग एक आडवी रेघ आणि पुढे अक्षरं-आकडे यांची वाटेल तशी सात जणांची रांग. या नावाला म्हणतात होस्टनेम.

लिनक्स टाकताना हा प्रश्न हमखास समोर येतो. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा इन्स्टॉलर नेटवर्कची जुळणी करता करता थांबतो आणि यंत्राचं नाव विचारतो. माहीत नसेल तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारा, घरचंच नेटवर्क असेल तर मनाला येईल ते लिहा, असंही तो सुचवतो. बहुतेक जण चौकटीत आधीच लिहिलेलं 'डेबियन' तसंच ठेवून पुढे जातात. विंडोज ११ सुद्धा नाव विचारते, पण तिथे 'नंतर बघू' म्हणण्याची सोय आहे आणि ते 'नंतर' सहसा उगवत नाही.

नावाचे नियम थोडकेच आहेत. रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. मधे जागा सोडायची नाही, रेघेनं सुरुवात किंवा शेवट करायचा नाही. इंटरनेटच्या नियमांप्रमाणे एका नावात ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कला १५ अक्षरांपुढचं कळत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालवता येतो, तरी या चौकटीत देवनागरी चालत नाही. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं, तेही आतून रोमन अक्षरांतच साठवलं जातं.

नावाचा उपयोग कळतो तो ऑफिसात. समजा, परळमध्ये हिशेब लिहिणाऱ्यांचं छोटं ऑफिस आहे. चार कम्प्युटर, एक प्रिंटर, आणि टॅलीचा डेटा त्यातल्या एकाच कम्प्युटरवर. बाकीचे तिघं तो डेटा शोधतात त्या कम्प्युटरच्या नावानं. नाव 'डेस्कटॉप' आणि पुढे सात भलतीच अक्षरं असेल, तर फोनवरून मदत करणाऱ्या इंजिनीअरला ते सांगतानाच जीव मेटाकुटीला येतो. एक डिस्क तयार करून तिच्याच नकला चारही यंत्रांवर मारल्या आणि नावं बदलायची राहिली, तर विंडोज 'याच नावाचं दुसरं यंत्र नेटवर्कवर आहे' अशी कुरकुर सुरू करते. आणि सगळं सुरळीत चालू असताना कुणी हौसेनं मुख्य कम्प्युटरचं नाव बदललं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाच डेटा दिसत नाही.

एका यंत्राचं नाव किती दूरवर जातं, हे मुंबईनं १९९५ मध्ये पाहिलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोर्टात, महात्मा गांधी रस्त्यावर त्यांचं विदेश संचार भवन होतं. इथल्या ग्राहकांच्या ई-मेल पत्त्यात 'ॲट'च्या पुढे 'गियास बीएम ०१' असं यायचं, मग ठिपका देऊन व्हीएसएनएल, नेट, इन. 'गियास' हे सेवेच्या नावाचं लघुरूप, 'बीएम' म्हणजे बॉम्बे आणि ०१ हा यंत्राचा क्रमांक. दिल्लीकरांच्या पत्त्यात 'डीएल' असायचं, मद्रासकरांच्या 'एमडी'. खातं ज्या यंत्रावर, त्या यंत्राचं नाव ग्राहकाच्या पत्त्यात. तंत्रज्ञांनी आपल्या सोयीसाठी ठेवलेलं नाव असं लोकांच्या व्हिजिटिंग कार्डांवर आणि लेटरहेडांवर जाऊन बसलं. त्याच वर्षी शहराचं बॉम्बे बदलून मुंबई झालं, पण यंत्रातलं 'बीएम' जागचं हललं नाही. पुढच्या यंत्रांची नावं 'बॉम २', 'बॉम ३' अशी आली. त्यांच्यातही बॉम्बेच होती.

यंत्राचं नाव आणि लोकांनी वापरायचा पत्ता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. मोठ्या संस्था आज तेच करतात. पत्त्यात फक्त संस्थेचं नाव असतं, मागचं यंत्र बदललं तरी ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

घरच्या लॅपटॉपच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी. दादरच्या एखाद्या कॅफेत वायफायला जोडून घेताना लॅपटॉप बहुधा आपलं नाव तिथल्या राउटरला कळवतो. त्या नावात तुमचं नाव-आडनाव असेल, तर राउटरच्या यादीत तेच उमटतं. घरातल्या यंत्रांना फळांची, नद्यांची, किल्ल्यांची नावं द्यावीत. ती आठवायला सोपी आणि मालकाची ओळख न सांगणारी. 'साहेबांचा पीसी' किंवा 'नवीन मशीन' टाळावं, कारण साहेब बदलतात आणि नवीन मशीनही जुनं होतं.

नाव बदलायचं असेल तर विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टिमखाली 'अबाउट'मध्ये जा, 'रीनेम' करा आणि कम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा. लिनक्समध्ये 'होस्टनेमसीटीएल' ही आज्ञा आहे. तिथे 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्येही नवं नाव लिहायला विसरू नका, नाहीतर 'सुडो' ही आज्ञा बहुधा दर वेळी हे नाव सापडत नसल्याची तक्रार करील. ऑफिसातल्या कम्प्युटरचं नाव मात्र बाकीच्यांना विचारल्याशिवाय बदलू नका.