खाण बंद, पंप चालू



कामगार चळवळीतल्या माणसाने पाण्यावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु धंदा बंद करताना मालक काय घेऊन जातो आणि मागे काय ठेवून जातो, हा हिशेब आमच्या रोजच्या कामातलाच आहे. आज त्याचे एक उदाहरण अमेरिकेतून घेऊ.

तेथील माँटाना राज्यात ब्यूट नावाचे शहर आहे. ते तांब्याच्या खाणींवर वाढले. खाणकामगारांची नामांकित संघटना, वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स, १८९३ साली तेथेच जन्मली. ८ जून १९१७ च्या रात्री तेथील एका खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. तांब्याची किंमत या गावाने अशी आधीच मोजलेली होती. पुढे १९५५ मध्ये अ‍ॅनाकोंडा कंपनीने बर्कली पिट ही उघडी खाण खणायला घेतली. सुमारे एक मैल लांब आणि १,७०० फुटांहून खोल असा तो खड्डा झाला.

खोल खणले की पाणी लागायचेच. ते पंपांनी रात्रंदिवस उपसले जाई. २२ एप्रिल १९८२ रोजी पंप थांबवण्यात आले, आणि जुनी भुयारे भरून पाणी खड्ड्यात चढू लागले.

साधे पाणी चढले असते तर तळे झाले असते. पण या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज असते. डोंगराच्या पोटात ते निमूट पडून असते. खणून त्याला हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते, आणि काही सूक्ष्म जंतू हे काम आणखी भराभर करतात. ते आम्ल खडकातले तांबे, जस्त, कॅडमियम विरघळवून पाण्यात आणते. १९९५ च्या नोव्हेंबरात या तळ्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. २०१६ मध्ये पुन्हा तसेच झाले, आणि त्या वेळी मेलेल्या पाखरांचा आकडा तीन हजारांच्या वर गेला.

यावर उपाय आहे, आणि तो कळायला पदवी लागत नाही. आमच्याजवळही ती नाही. पाण्यात चुना घालून ढवळायचे. चुन्याने आम्ल मरते. मग विरघळलेल्या धातूंना पाण्यात राहता येत नाही, त्यांचा साका होऊन तो तळाशी बसतो. वरचे पाणी निवळते. ब्यूटमध्ये असा कारखाना २००३ साली उभा राहिला. २०१९ पासून खड्ड्यातले पाणीही उपसून, शुद्ध करून ओढ्यात सोडले जाऊ लागले.

अडचण निराळीच आहे. खडकातला पायराइट संपेपर्यंत आम्ल होतच राहणार, आणि तो शतकानुशतके संपत नाही. चुना रोज लागतो, पंपाला वीज रोज लागते, साचलेल्या साक्याची सोय रोज करावी लागते. धातू काही वर्षांत काढून झाला. पाण्याची चाकरी मात्र जन्मोजन्मीची.

मग पैसे कोणी द्यायचे? ब्यूटमध्ये सरकारने कायद्याच्या जोरावर जबाबदार कंपन्यांना बांधून घेतले. २००२ च्या करारनाम्यात पाणी कायम शुद्ध करीत राहण्याचे त्यांनी कबूल केले. इंग्लंडात कॉर्नवॉल परगण्यातली व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली. तेथेही उपसा थांबला, आणि जानेवारी १९९२ मध्ये कोंडलेले पाणी फुटून कार्नन नदी नारिंगी रंगाची झाली. ते पाणी आजही शुद्ध करावे लागते, आणि खर्च पडतो सरकारी तिजोरीवर. म्हणजे ज्याने त्या कथिलाचा एक तुकडाही पाहिला नाही, तोही आज त्याचे बिल भरतो आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, खाणीचा परवाना देतानाच पाण्याचा खर्च अनामत म्हणून ठेवून घ्यावा. कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी पगाराबरोबरच कापून ठेवतात, म्हातारपण आल्यावर मागायला जात नाहीत. नदीसाठीही तसाच निधी हवा, आणि तो धातू निघत असताना, नफा होत असताना जमायला हवा. कारण खाण बंद झाली की कंपनी दुसरीकडे जाते. कामगार आणि पाणी दोघेही तेथेच राहतात.