चर्चमधील ऑर्गनवादक आणि संघटनेचे सभासदत्व

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचे काम एकट्याचे असते. वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवादकाच्या शेजारी दुसरा व्हायोलिनवादक बसतो. चर्चला मात्र बहुधा एकच ऑर्गनवादक पुरतो. वाद्य इमारतीतच बांधलेले असल्यामुळे सरावही तिथेच करावा लागतो, आणि तोही चर्च रिकामे असताना. रविवारी सकाळी गावातले सगळे समव्यवसायी आपापल्या वाद्यापाशी अडकलेले असतात, म्हणून दुसऱ्याचे उपासनेतले वादन कानावर पडण्याचा योगही क्वचितच येतो. नेमणूक आणि मानधन पाळकाच्या व समितीच्या हाती असते, आणि त्यांना या कलेतले बारकावे ठाऊक असतातच असे नाही. ऑर्गनवादकांना व्यावसायिक संघटनेचा आज काही लाभ होतो का, या प्रश्नाचा विचार या एकटेपणापासूनच करावा लागतो.

मराठी रसिकांच्या परिचयाचा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकांतला, पायाने भाता चालवायचा. पाइप ऑर्गन त्याहून फार मोठा. हातांसाठी दोन-तीन किंवा अधिक स्वरपट्ट्या, पायांसाठी वेगळी स्वरपट्टी, आणि नळ्यांचे निरनिराळे संच चालू-बंद करणाऱ्या खुंट्या. एवढे सांभाळून वादकाला मंडळीच्या गायनाला आधार द्यायचा असतो, गायकवृंदाची साथ करायची असते, वरचा सूर झेपत नसेल तर गीत खालच्या पट्टीत उतरवून वाजवायचे असते, आणि विधी लांबला तर ती वेळ उत्स्फूर्त वादनाने भरून काढायची असते. मैफलीत बसणाऱ्या पियानोवादकाला यातले बरेचसे कधी करावे लागत नाही.

हे कौशल्य कोणी तपासायचे, या गरजेतून लंडनमध्ये 1864 साली ऑर्गनवादकांचे कॉलेज स्थापन झाले. कॉर्नहिल येथील सेंट मायकेल चर्चचे ऑर्गनवादक रिचर्ड लिंपस यांचा त्यात पुढाकार होता. 1866 पासून परीक्षा सुरू झाल्या आणि 1893 साली राजसनद मिळून संस्था ‘रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स’ झाली. न्यूयॉर्कमध्ये 1896 साली ‘अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स’ निघाली, तीही परीक्षांचा हाच आदर्श समोर ठेवून. आपसांत दर ठरवून घेणाऱ्यांचा संघ म्हणून यांतली कोणतीच संस्था जन्मली नाही. पुढच्या सगळ्या वादात याचा विसर पडलेला दिसतो.

विसाव्या शतकात अमेरिकन गिल्डने सभासदांच्या आर्थिक हिताकडेही लक्ष वळवले. मानधन किती असावे याचे तक्ते, कराराचे नमुने आणि एक आचारसंहिता आली. दुसऱ्याच्या जागेवर डोळा ठेवू नये, त्याच्या चर्चमध्ये वाजवायचे तर त्याची संमती घ्यावी, असे तिचे सांगणे होते. लग्नासाठी एखाद्या जोडप्याने बाहेरचा वादक आणला, तर चर्चच्या नेहमीच्या वादकालाही पैसे द्यावे लागत. सभासदाच्या नजरेतून ही व्यवस्था न्याय्य होती, कारण तुटपुंज्या पगाराला लग्नांच्या बिदागीचाच टेकू असे. मात्र अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2017 साली या नियमांना आणि मानधनाच्या सूत्रांना स्पर्धेत अडथळा आणणारे ठरवले. गिल्डने तडजोड मान्य करून ते सोडून दिले. एकाच सेवेचे पैसे जोडप्याने दोघांना का द्यावेत, या आक्षेपाला खरोखरच उत्तर नव्हते.

त्याच देशातल्या दुसऱ्या कायद्याने वादकाची आणखी वेगळी गत केली. पिओरियाच्या कॅथलिक धर्मप्रांताने एका ऑर्गनवादक-संगीतप्रमुखाला कामावरून काढले तेव्हा त्याने वयाच्या भेदभावाचा दावा लावला. 2006 साली संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की उपासनेचे संगीत निवडणारा आणि वाजवणारा हा धर्मसेवकच होय, आणि धर्मसंस्थेने आपला सेवक कोणाला ठेवावे यात न्यायालय पडणार नाही. धर्मसेवकांबाबतचा हा अपवाद 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका खटल्यात उचलून धरला. म्हणजे दर ठरवायला गेला तर ऑर्गनवादक स्वतंत्र व्यावसायिक, आणि नोकरीच्या हक्कांसाठी न्यायालयात गेला तर धर्मसेवक! दोन्ही बाजूंनी वाट अडलेली. अशा वेळी चर्चशी नोकरी धरण्यापूर्वीच नीट लेखी करार करणे हाच मोठा आधार उरतो, आणि असा करार कसा असावा हे एकट्या वादकाला कोण सांगणार? ते सांगणारी संघटनाच लागते.

याहून मोठा लाभ शिक्षणाचा आहे. लंडनच्या कॉलेजच्या वरच्या परीक्षांत ठरलेल्या रचनांबरोबर पट्टी बदलून वाजवणे, अनेक ओळींची गायनलिपी पाहताक्षणी वाजवणे, दिलेल्या सुरावटीवर स्वरसंगती बांधणे आणि उत्स्फूर्त वादन यांचीही कसोटी लागते. ही तयारी करून घेणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत नसतात; ते संघटनेच्या ओळखीतूनच सापडतात. हे कॉलेज 1904 ते 1991 रॉयल अल्बर्ट हॉलशेजारच्या देखण्या इमारतीत होते. ती इमारत सुटली, पण परीक्षा चालू राहिल्या. यावरून संस्थेचा जीव कशात आहे ते कळते. अमेरिकन गिल्ड किशोरवयीन मुलांसाठी उन्हाळ्यात ऑर्गन-शिबिरे भरवते. पियानो शिकणाऱ्या मुलीला खऱ्या वाद्यावर पाय ठेवायला मिळतो तो अशाच ठिकाणी. स्थानिक शाखेकडची बदली वादकांची यादीही क्षुल्लक समजू नये: आजारपणात किंवा घरच्या अडचणीत रविवार सांभाळणारा कोणी मिळाला नाही, तर रजा असूनही घेता येत नाही.

तरीही सभासद घटण्याची कारणे खरी आहेत. मंडळी रोडावली, अनेक चर्चांत ऑर्गनची जागा गिटार आणि ड्रमने घेतली, आणि पूर्णवेळ पगाराच्या जागा थोड्या उरल्या. शनिवारी सराव आणि रविवारी वादन करून आठवडाभर दुसरी नोकरी करणाऱ्याला वार्षिक वर्गणी जड जाते. शाखेच्या सभेत निष्णात वादकांच्या मैफलींचीच चर्चा चालली, तर तो दुसऱ्या वर्षी परत येत नाही, आणि त्यात दोष त्याचा नाही.

संघटनेची सर्वांत जास्त गरज मात्र त्यालाच आहे. पियानो येतो म्हणून समितीने ऑर्गनवर बसवलेला, पायांची स्वरपट्टी कधी न शिकलेला हा वादक अनेक लहान चर्चांची उपासना एकट्याने पेलतो. गिल्डची ‘सर्व्हिस प्लेइंग’ ही परीक्षा त्याच्या कामाशी सर्वांत जवळची आहे: गीते नीट वाजवणे, गायकवृंदाची साथ, पट्टी बदलणे आणि मोजक्या रचना. शाखांनी आपला पैसा आणि शिक्षकांचा वेळ आधी या परीक्षेच्या तयारीला द्यावा, नवख्यांसाठी पहिल्या काही वर्षांची वर्गणी कमी करावी, आणि एखाद्या अनुभवी सभासदाने त्यांच्या चर्चमध्ये जाऊन, त्यांच्याच वाद्यावर, त्यांना शिकवावे.