‘अन्सारी’ आपल्याकडे कुठून आले?

(नागपुरात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला जनगणनेवर बोलायला सांगितलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आकडे आणि याद्या हाताळतो, म्हणून बहुधा. पण आज मी एकाच आडनावाबद्दल बोलणार आहे, अन्सारी. माझंही तेच आहे आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांचं तेच असणार. जनगणनेचा मुद्दा त्यातूनच निघतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे आडनाव आपल्यापैकी बहुतेकांकडे वंशाने आलेलं नाही. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीने ते ठरवून घेतलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. पण तो निर्णय आपण विसरलो, आणि त्या विसरण्याची किंमत आपली पोरं दाखल्यांच्या रांगेत मोजतात.

शब्दापासून सुरू करू. अरबीत नून-स्वाद-रे या धातूचा अर्थ मदत करणं. नुसरत, नासिर, मन्सूर हे सगळे त्याच घरचे. इसवी सन ६२२ मध्ये पैगंबर (स.) मक्केहून यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला गेले. सोबत आलेले ते मुहाजिर आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला ते अन्सार, मदतगार. हे औस आणि खजरज या दोन टोळ्यांचे लोक. त्यांच्याशी नातं सांगणारा तो अन्सारी. हे नाव मुळात टोळीचं नाही, हे लक्षात घ्या. काय केलं त्यावरून पडलेलं नाव आहे.

तिथून ते जगभर गेलं. स्पेनमध्ये ग्रानाडाचं अल्हम्ब्रा बांधणारं बनू नस्र घराणं स्वतःला खजरजच्या सरदाराचे वंशज म्हणवायचं. अफगाणिस्तानात हेरातचे अकराव्या शतकातले सूफी अब्दुल्ला अन्सारी. माली देशात टिंबक्टूच्या आसपास तुआरेगांची एक टोळीच केल अन्सार नावाची आहे. इस्तंबूलमध्ये अबू अय्यूब अन्सारींची मजार आहे. मदिनेत पैगंबर पहिल्यांदा ज्यांच्या घरी उतरले, ते हे. आपल्याकडे लखनौचं फिरंगी महल हे उलेमांचं घराणं त्यांच्याशी नातं सांगतं. १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले डॉ. मुख्तार अहमद अन्सारी गाझीपूर जिल्ह्यातल्या युसुफपूरचे. हे सगळे शरीफ, म्हणजे प्रतिष्ठित खानदानांतले अन्सारी, शजरा बाळगणारे.

आता गाझीपूरच्या शेजारच्या जिल्ह्यात या. आझमगढ. मुबारकपूर, मऊ. इथले विणकर. त्यांना शेजारीपाजारी, जमीनदार, सरकार, सगळे म्हणायचे जुलाहा. फारसी शब्द आहे, अर्थ साधा, विणणारा. कबीर स्वतःला जुलाहाच म्हणवत. पण उत्तर हिंदुस्थानात या शब्दाची शिवी झाली होती. जुलाहा म्हणजे मूर्ख, जुलाहा म्हणजे भित्रा, अशा म्हणींचे ढीग इंग्रज अधिकाऱ्यांनी गोळा करून पुस्तकांत छापले. एक म्हण तर अशी, की हा गेल्या वर्षी जुलाहा होता, यंदा शेख झालाय, पीक महाग विकलं गेलं तर पुढच्या वर्षी सय्यद होईल. लोक अजून हसतात त्यावर. मला त्यात एक माणूस दिसतो, जो अपमानातून बाहेर पडायची वाट शोधतोय आणि सगळा गाव त्याच्यावर नजर ठेवून आहे.

हे लोक नागपूरला कसे आले? मँचेस्टरच्या कापडाने मागाचं पोट मारलं होतंच. त्यात १८५७ झालं, त्यानंतरची धरपकड आणि पुढे दुष्काळ. कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिणेला निघाली. कुठल्या रस्त्याने निघाली, हे नकाशावर बघण्यासारखं आहे. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरला येणारा जुना दख्खनचा रस्ता होता. त्या रस्त्यावर नागपूरच्या अलीकडे, कन्हान नदीकाठी, कामठी. तिथे १८२१ पासून इंग्रजांची छावणी, म्हणजे गिऱ्हाईक. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, तोवर चाकं होती ती बैलगाडीची. दुसरा रस्ता आग्र्याहून मुंबईला जाणारा. त्यावर मालेगाव, आणि मुंबईच्या तोंडाशी भिवंडी. बुऱ्हाणपूर तर मुघल काळापासून कापडाचंच. आज महाराष्ट्रात अन्सारी आडनाव कुठे दाट आहे, असं विचारलंत तर कामठी, नागपूर, मालेगाव, भिवंडी, मुंबईत मदनपुरा. ते मदिनेच्या वाटेने पसरलेलं नाही, या दोन सडकांच्या वाटेने पसरलंय.

पण थांबा. ते आले तेव्हा अन्सारी नव्हते. आपल्या मोहल्ल्याचं नाव बघा, मोमिनपुरा. अन्सारीपुरा नाही. मोमीन म्हणजे श्रद्धावान, ईमान असलेला, हाही अरबी शब्द. जुलाहा नको म्हणून विणकरांनी आधी हा धरला. वस्तीला नाव पडलं तेव्हा चालू शब्द मोमीन होता. पुढे माणसांनी आडनाव बदललं, वस्तीचं तसंच राहिलं. तिकडे सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडे जा. तिथले विणकर अजूनही आडनाव मोमीनच लावतात आणि घरात दख्खनी, बाहेर अस्सल मराठी बोलतात. उत्तरेतून आलेल्यांनी अन्सारी घेतलं, दख्खनच्या जुन्या विणकरांनी बहुतांशी मोमीन ठेवलं. लग्नं जुळवताना हा फरक आपल्या घरातल्या बायकांना इतिहासकारांपेक्षा नेमका कळतो.

मग अन्सारी केव्हा झालो? विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत. बिहारशरीफचे अली हुसेन, जे आसिम बिहारी नावाने ओळखले जातात, त्यांनी कलकत्त्यात विडी कामगार आणि विणकरांमध्ये काम सुरू केलं. त्यातून जमियतुल मोमिनीन आणि पुढे मोमीन कॉन्फरन्स उभी राहिली. अखिल भारतीय अधिवेशन कलकत्त्यात १९२८ मध्ये झालं. शिक्षण, सहकार, मुशायरे नव्हे तर मागावरची मजुरी, असे विषय. आणि नावाचा विषय. १९३१ च्या जनगणनेत ‘जुलाहा लिहू नका, मोमीन लिहा, अन्सारी लिहा’ असा आग्रह देशभरच्या विणकरांनी धरला. याच संघटनेचे अब्दुल कय्यूम अन्सारी पुढे बिहारमध्ये मंत्री झाले. मुस्लिम लीग पाकिस्तान मागत होती तेव्हा मोमीन कॉन्फरन्स उघड विरोधात उभी होती. तेव्हा मत द्यायचा हक्क मालमत्ता आणि शिक्षण पाहून मिळायचा, त्यामुळे १९४६ मध्ये बहुतेक विणकरांना मतच नव्हतं. फाळणीला ‘मुसलमानांनी’ मत दिलं असं कुणी म्हणालं, तर हे जरूर सांगा.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. समतेची मागणी करणाऱ्या चळवळीने नाव घेतलं ते अरबी वंशाच्या प्रतिष्ठेचं. ‘आम्ही विणकर आहोत, म्हणून काय झालं’ असं ठणकावण्याऐवजी ‘आम्हीही मदिनेचेच’ असं म्हटलं. अबू अय्यूबांपर्यंत पोचवणारे शजरे छापले गेले. मी त्या पिढीला दोष देत नाही. शिवीने हाक मारणाऱ्याला उत्तर द्यायला जे हत्यार जवळ होतं ते त्यांनी उचललं. पण आज, इंजिनीअर, डॉक्टर, वकील झाल्यावर, कुणी घरात चौदाशे वर्षांचा शजरा फ्रेम करून लावत असेल तर मला त्याची गंमत वाटते. माझ्यासाठी कामठीच्या वाटेवरची बैलगाडी पुरेशी आहे.

आता दाखल्याची रांग. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींचं आंदोलन उभं राहिलं. त्यात दिलीपकुमारही गावोगाव सभांना फिरले, हे तरुणांना माहीत नसतं. १९९४ मध्ये शासनाने मुस्लिमांतल्या मागास बिरादऱ्यांना दाखले देण्याबाबत निर्णय काढला. जुलाहा, अन्सारी, मोमीन ही नावं यादीत आहेत. पण दाखला मिळवायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. बहुतेक घरांत तो एकच असतो, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा. त्यात जातीच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? ‘मुसलमान’. धर्माच्या रकान्यात मुसलमान, जातीच्याही मुसलमान. कधी ‘शेख’. मास्तरांनी विचारलं नाही आणि आजोबांना जुलाहा सांगायची लाज होती.

आमच्याच घरातलं बघा. पणजोबांचं नाव कागदावर नुसतं नाव, आडनावच नाही. आजोबांचं मोमीन. वडिलांचं हिंदी कागदांवर अंसारी, मराठी कागदांवर अन्सारी. माणसाला हे एकच वाटतं. संगणकाला नाही. ‘अंसारी’मध्ये युनिकोडचे ६ संकेत आहेत, ‘अन्सारी’मध्ये ७. जुळवणी करणारा प्रोग्राम नीट लिहिला नसेल तर बाप आणि मुलगा दोन वेगळ्या घराण्यांचे ठरतात. इंग्रजीत शेवटी आय की वाय, ते वेगळंच. आणि दादीच्या कागदावर तर आडनाव नसतंच. नावापुढे बी, बानो नाहीतर खातून. आईकडून, आजीकडून माग काढायचा म्हटलं की धागा पहिल्याच गाठीला तुटतो. आपल्या बिरादरीत बायकाही नळ्या भरायच्या, सूत उकलायच्या, अर्धं काम त्यांचं होतं, पण कागदावर त्यांची बिरादरीच नाही.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षणाचं काय झालं ते ऐका. महाराष्ट्र सरकारने त्यातली माहिती मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये केंद्राने तिथे सांगितलं, की १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती मोजल्या होत्या आणि २०११ मध्ये निघाल्या ४६ लाखांहून जास्त. जात, पोटजात, गोत्र, आडनाव, लोकांनी जे सांगितलं ते लिहिलं गेलं. उदाहरण म्हणून दिलं होतं केरळातल्या माप्पिलांचं. एकच नाव ४० प्रकारे लिहिलेलं, म्हणून ४० जाती. ती माहिती वापरण्याजोगी नाही म्हणून बाजूला ठेवली गेली. आमच्या धंद्यात रोज घडतं हे. मोकळा रकाना दिला की माणूस काहीही लिहितो आणि साफसफाईचं काम नंतर कुणीच करत नाही.

२०२७ च्या जनगणनेत पुन्हा जात विचारली जाणार आहे, स्वातंत्र्यानंतर देशाच्या जनगणनेत पहिल्यांदाच सगळ्यांची. संदर्भ दिवस १ मार्च २०२७.

मला मोहल्ल्यात लोक म्हणतात, भाई, इस्लाममध्ये जात नाही, मग आपण का सांगायची? मी त्यांना विचारतो, मुलीचं स्थळ बघताना तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता? श्रद्धेत जात नाही हे मलाही मान्य आहे. पण मजुरीत आहे, वस्तीत आहे, कॉलेजच्या हजेरीत आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के ओबीसी होते. हा आकडाही स्वतःला ओबीसी सांगणाऱ्यांवरून काढलेला. ज्यांनी सांगितलं नाही ते त्यात नाहीत.

आणि आडनाव बघून कुणी जात किंवा धर्म आपोआप भरून घेऊ नये. मेघालयात गारो लोकांत मोमीन नावाचं एक कुळ आहे. ते बहुतेक ख्रिस्ती. उद्या एखाद्या हुशार प्रोग्रामने त्यांना मुसलमान विणकर करून टाकलं तर? आणि फिरंगी महलचे अन्सारी आणि कामठीचे अन्सारी एका ओळीत बसवले, तर मागास कोण हे कसं कळणार? आडनाव एक, सामाजिक जागा दोन.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा जातीच्या प्रश्नाला ‘मुसलमान’ म्हणून सोडू नका, ‘शेख’ म्हणून मोठे होऊ नका. ‘अन्सारी, जुलाहा’ असे दोन्ही शब्द सांगा. घरातल्या प्रत्येकाचं एकाच स्पेलिंगने लिहून घ्या, बायकांचंही. उत्तर द्यायला घरातली बाई दारात असेल तर तिला हे आधीच माहीत असू द्या. दिवसा घरी तीच असते.

मागे टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी १९६७ पूर्वीचा कुठलाही कागद आहे, शाळेचा, विणकर सोसायटीच्या सभासदत्वाचा, घराच्या खरेदीचा, त्यांनी त्यात फक्त कागदाचा प्रकार आणि साल लिहा. नाव लिहायची गरज नाही. कागद फाटायच्या आत त्याचा फोटो कसा काढायचा, कुठे जपून ठेवायचा, हे मी चहानंतर दाखवतो. मोबाइल सोबत असू द्या. प्रश्न असतील तर आता घेऊ. आपांना आधी बोलू द्या.