अडचणीच्या काळात पतअहवालाकडे लक्ष असू द्या



नोकरी सुटते, घरात आजारपण येते, हप्ते थकतात. अशा वेळी बँकेचे पत्र न फोडताच कपाटात टाकण्याकडे आपला कल असतो. परंतु आपल्या नावावर काय लिहिले जात आहे, हे पाहण्याची खरी वेळ तीच असते. एवढेच आम्हाला आज सांगावयाचे आहे.

आपल्या देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या कर्जदारांची नोंद ठेवतात. २००५ च्या कायद्यान्वये बँका त्यांना आपल्या हप्त्यांची माहिती देतात. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण पडतात. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडे मागितला, तर वर्षभर लक्ष ठेवता येते. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण घटत नाहीत.

त्यात काय पाहावे? नाव व पॅन क्रमांक बरोबर आहे काय? न घेतलेले कर्ज नावावर आहे काय? फेडलेले कर्ज अजून चालू दिसते काय? आपण कुणाला जामीन राहिलो असू, तर त्याची थकबाकीही तेथे दिसू शकते. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू आहे.

आणखी एक. थकलेले कर्ज कमी रकमेत मिटवले की आपण सुटलो असे वाटते. पण अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तोच आडवा येतो. म्हणून सही करण्यापूर्वी, उरलेली रक्कम नंतर भरल्यास शेरा बदलेल काय, हे बँकेकडून लेखी घ्यावे. पैसे घेऊन रातोरात गुण वाढवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

बँकेचे दार बंद झाले की गरिबाला सावकाराचा उंबरठा गाठावा लागतो. तो टाळायचा असेल, तर आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी वस्तीतील वडीलधाऱ्यांना त्यांचा अहवाल काढून वाचून दाखवावा, अशी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.