चित्रे मोजा, वेग नव्हे

पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींपुरते धरले, तरी मिनिटाला 720 चित्रे हाताने काढावी लागतात. 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग निघाला, तेव्हा ती एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवीत. आज ती स्कॅन करून, क्रमांक देऊन संगणकात ओळीने लावली की चालू लागतात. हे काम अकोल्या-अमरावतीतही घरी बसून होते.

पण यंत्राने कष्ट वाचविले ते कॅमेऱ्याचे, हाताचे नव्हेत. आपल्या वऱ्हाडात कापसाच्या गाठीवर शिक्का कारखान्याचा असतो. वेचणारणीचे नाव नसते. तसे येथे होऊ नये. मजुरी ठरविताना संगणकाचा वेग नव्हे, चित्रे मोजा; आणि नामावलीत मधली चित्रे काढणाऱ्यांचीही नावे घाला.